कुणीच घाबरलं नव्हतं

विल्फ ऑर्गिल आपल्या सशांना नावं देत नसे. नाव दिलं की निरोप घ्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. पण रोज सकाळी शेडमधून त्याच्या बायकोचा, मॅव्हिसचा आवाज यायचाच, "काय गं डचेस, आज गाजर संपवलं नाहीस?" तेवढ्यापुरता विल्फ बहिरा व्हायचा. हे बहिरेपण त्याला सोयीनं यायचं आणि सोयीनं जायचं.

त्याचे ससे प्रयोगशाळेत जायचे. लशी, डोळ्यांची औषधं, असलं काहीबाही तिथं चालायचं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या थॉर्पवेलमध्ये कुणाला कशाचंच काही वाटत नाही, निदान तोंडावर तरी. एकदा शाळेतल्या एका चिमुरडीनं मात्र त्याला भर रस्त्यात अडवून विचारलं, "तिथं ससे रडतात का हो?" विल्फनं टोपी काढली, टक्कल खाजवलं, टोपी परत घातली. "मी तिथवर कधी गेलो नाही गं बदका," एवढंच म्हणाला. आमच्या डर्बीशायरमध्ये मायेनं कुणालाही बदकच म्हणतात, मग समोर लहान मुलगी असो की पाद्रीबाबा. त्या दिवशी विल्फनं चहा अर्धाच घेतला, असं मॅव्हिस सांगायची. विल्फनं चहा टाकणं ही आमच्याकडे बातमी होती.

माझा त्यांच्याकडे राबता होता, कारण माझ्या मोटरसायकलचं प्रेत त्यांच्या मागच्या शेडमध्ये पडलेलं होतं. मी शनिवारी जाऊन ते उघडायचो, मॅव्हिस डुकराच्या खिम्याची पेस्ट्री आणून द्यायची आणि विल्फ शेजारी उभा राहून म्हणायचा, "गॅव्हिन, या गाडीपेक्षा माझा म्हातारा बोका लवकर सुरू होतो." बोका मरून वर्ष झालेलं होतं.

मग प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध झगडणाऱ्या मंडळींची नजर विल्फवर पडली. ती गावातली नव्हती, कुठल्या शहरातली होती, आणि सशांना सोडवण्यासाठी माणसांना बांधून घालायची त्यांची रीत होती. आधी त्यांनी विल्फच्या भिंतीवर लाल अक्षरांत 'खुनी' असं रंगवलं. विल्फनं वर पांढरा हात मारला आणि लाल रंग उच्च प्रतीचा होता, लपायला दोन हात लागले, अशी तारीफ केली. एका रात्री फोन करून त्याला शिव्या दिल्या, तर त्यानं पलीकडच्या पोराला जेवलास का म्हणून विचारलं. गडी हलेना, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी विल्फचा नाद सोडला आणि विल्फशी ज्याचा ज्याचा व्यवहार होता त्याला गाठायला सुरुवात केली.

दूधवाल्या डेरिकला लिफाफ्यातून एक फोटो आला. फोटोत त्याच्या मुलीच्या शाळेचं फाटक होतं. पबवाल्या रेगच्या गाडीची चारही चाकं एका सकाळी बसलेली मिळाली, आणि काचेला चिठ्ठी होती: ऑर्गिलला बीअर पाजणं महाग पडेल. माझी आई ऑड्री, तिचं बायकांचे केस कापायचं दुकान. तिला पत्र आलं त्यात एकच ओळ होती. 'तुमच्या दुकानाची काच फार मोठी आहे.' आईनं ते उभ्या उभ्या वाचलं, मोरीत धरून जाळलं, आणि राख वाहून गेली तरी नळ बंद करायचं तिला सुचेना. शेवटी मीच बंद केला.

आता आमच्या गावची तऱ्हा अशी, की खरं कारण सांगणं म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखं. मोडायचंच असेल तर सभ्यपणे, काहीतरी बरं निमित्त काढून मोडायचं. आणि समोरच्यानंही ते निमित्त खरं मानून मान डोलवायची. डेरिक म्हणाला, विल्फच्या गल्लीतल्या खड्ड्यांनी गाडीचा आस कामातून जातोय. रेगनं पबमधला गुरुवारचा डॉमिनोच्या सोंगट्यांचा अड्डा बंद केला. खोली दुरुस्तीला काढलीय म्हणाला. ती दुरुस्ती इतकी चालली की तेवढ्यात कॅथीड्रल उभं राहिलं असतं. आणि आईनं मॅव्हिसला दुकानाच्या दारातच थांबवलं.

"मॅव्हिस, तुझी शुक्रवारची वेळ आता जमेल असं वाटत नाही गं."

"मग मंगळवारी येते."

"मंगळवारी तर मुळीच नाही."

"बुधवारी?"

"मी कळवते ना तुला," आई म्हणाली. कळवण्यासाठी दोघींच्या घरांमध्ये फक्त चर्चची भिंत होती.

विल्फ यावर एकच वाक्य बोलायचा. पावडरीचं दूध चहात ढवळत म्हणायचा, "घाबरलेत बिचारे. घाबरलेल्या माणसावर काय रागवायचं!" डेरिक दुसरीकडे बघून गेला, की घाबरलाय. रेगनं नाताळात बोलावलं नाही, की घाबरलाय. एखादा माणूस छातीच्या दुखण्याला गोळी घेतो, तसं हे वाक्य विल्फ घ्यायचा आणि त्याला बरं वाटायचं.

मॅव्हिसला ही गोळी लागू पडेना. ती स्वयंपाकघरातल्या आरशात बघून स्वतःचे केस स्वतः कापायला लागली. एका कानाकडचे आखूड, दुसरीकडचे लांब. एकदा पोस्टातून बाहेर पडताना समोरून माझी आई आली. आईनं तिला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. पलीकडे नुसतं कुंपण होतं, जायला काहीच नव्हतं. मॅव्हिसनं घरी येऊन बॅग भरली. तिची बहीण समुद्रकाठी स्केग्नेसला राहायची.

मी तेव्हा शेडमध्ये होतो, पण ती अंगणात बोलत होती आणि आवाज खाली ठेवायची तिला गरज वाटली नाही.

"भित्र्यांना मी माफ करीन, विल्फ. भित्र्यांच्यातच जन्म गेला माझा. पण आपणच त्यांना नकोसे झालो असू आणि पत्रांचं नुसतं निमित्त असेल, तर या गावात मला राहायचं नाही. मरायचंही नाही."

"अगं, घाबरलेतच ते."

"हे तू म्हणतोस. त्यांच्यातल्या एकानं म्हणू दे, मी दुसऱ्या दिवशी परत येते. एकानं."

ती गेली. विल्फ सशांना गाजरं टाकायला आला आणि डचेसच्या पिंजऱ्यापाशी उगाच रेंगाळला. नाव काही घेतलं नाही.

वर्ष गेलं. मग एक दिवस कॉन्स्टेबल टिल्सन आला. उंच, वाकलेला, बूट पुसून मगच आत येणारा माणूस. विल्फच्या टेबलाशी बसून त्यानं सांगितलं की शहरात एक पोरगा सापडलाय. त्याच्याकडे तोच फोटो, तीच पत्रं, सगळं मिळालंय.

"मला कुठं त्रास दिलाय त्यानं?" विल्फ म्हणाला. "दिला तो डेरिकला, रेगला, ऑड्रीला."

"तेच तर," टिल्सन पुढं सरकला. "ही पत्रं यायच्या थोडं आधीच सरकारनं नवा कायदा केलाय. प्रयोगशाळांना प्राणी पुरवणाऱ्याचं नुकसान करायचं म्हणून त्याच्या दूधवाल्याला, पबवाल्याला धमकावलं आणि व्यवहार तोडायला लावला, तरी आता पाच वर्षांपर्यंत आत जातो माणूस. फक्त त्यांनी एवढं सांगायला हवं, की आम्ही धमकीमुळे तोडला. मनानं नाही, भीतीनं."

विल्फनं कप खाली ठेवला. "हे त्यांनी सांगायचं? तोंडानं?"

"सही करून."

मी विल्फला कधी दाढी करून, टाय लावून सशांना पाणी घालताना पाहिलं नव्हतं, ते त्या आठवड्यात पाहिलं. त्या तिघांपैकी कुणी अचानक आलंच तर, म्हणून. "आता सांगतील," तो म्हणाला. "आपण होऊन कसं सांगणार, लाज वाटते माणसाला. पण आता सरकारच विचारतंय." त्या पोराला शिक्षा व्हावी की होऊ नये, याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्यानं मॅव्हिसच्या बाजूची उशी उन्हात टाकली.

टिल्सन आमच्याकडे आला तेव्हा आई ओट्याशी बटाटे सोलत होती आणि मी जेवत होतो.

"ऑड्री, पत्र आलं होतं ना तुम्हाला?"

"टपालात कचरा काय थोडा येतो?"

"काचेबद्दल होतं. त्या पोराकडे त्याची नक्कल सापडलीय."

"आलं असेल."

"आणि त्यामुळे तुम्ही मॅव्हिसचे केस कापायचं बंद केलंत."

आईनं सुरी खाली ठेवली. "त्यामुळे? कोण म्हणतं? असल्या चिठोऱ्यांना मी भीत नाही हो. तिच्याशी वेळ जमत नव्हती, बस."

"वर्षभर?"

"मी बिझी असते."

टिल्सननं माझ्याकडं पाहिलं. मी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि म्हणालो, "आई, तू नळ..."

"तू जेव."

तो गेल्यावर मी म्हणालो, "खरं सांगायला काय झालं होतं तुला?"

"कोर्टात उभी राहून सांगू, ऑड्री टरकली म्हणून? पेपरात येईल ते. माझ्या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई आरशातून माझ्याकडं बघेल." तिनं सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला. "आणि त्या पोराचे मित्र काही आत नाहीत ना अजून. काच आहे तेवढीच मोठी आहे."

म्हणजे ती तेव्हाही घाबरलेली होती. घाबरलो नाही, हे ती भीतीपोटीच म्हणाली. डेरिकनं आस पुढं केला, रेगनं दुरुस्ती. तिघांनीही ताठ मानेनं सांगितलं की आम्हाला कुणी धमकावू शकत नाही, आम्ही आमच्या मर्जीनं तोडलं. मी टिल्सनला रस्त्यात गाठून आईच्या पत्राचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या आईच्या मनात काय होतं, ते तू सांगून चालत नाही रे. तिनंच सांगायला हवं." आणि त्यानं सायकलला टांग मारली.

मी विल्फकडं पळालो, पण टिल्सन तिथं आधीच येऊन गेला होता. विल्फ टाय सोडून बसला होता.

"विल्फ, ते खोटं बोलतायत. आईनं ते पत्र माझ्यासमोर जाळलं. नळ बंद करायचंही भान नव्हतं तिला."

"बस, बदका."

"ती घाबरली होती! अजून घाबरलेली आहे!"

"आईची बाजू घेतोस, चांगलं आहे." त्यानं माझ्यापुढं बिस्किटं सरकवली. "पण ऑड्रीला मी ती शाळेत जायची तेव्हापासून ओळखतो. पोलिसासमोर ती खोटं बोलायची नाही."

"पोलिसासमोर होती म्हणूनच बोलली!"

तो हसला. मी त्याचं मन राखायला रचून सांगतोय, असंच त्याला वाटत होतं. गावात त्याच्याशी पहिल्यांदाच कुणीतरी उघड खरं बोलत होतं, आणि तेच त्याला खोटं वाटत होतं.

मग त्यानं फोन उचलला. मी उठायला लागलो, तर हातानं बस म्हणाला.

"मॅव्हिस? हो, जेवलो. हो, टिल्सननं विचारलं. तिघांनाही." 'घाबरले होते' एवढंच म्हणाला असता, तर मॅव्हिस दुसऱ्या दिवशीच्या बसनं आली असती. ते खरंही होतं. पण विल्फला ते माहीत नव्हतं, आणि मॅव्हिसशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "घाबरलो नव्हतो म्हणतात. आपल्याच मर्जीनं, म्हणतात."

"खोटं आहे ते!" मी ओरडलो.

"कोण? नाही, ऑड्रीचा गॅव्हिन. पोरगा गुणी आहे." त्यानं माझ्याकडं पाठ केली. "हो. येतो मीच तिकडं. ससे मार्गी लावतो आणि येतो."

आमच्या गावापुरतं ते प्रकरण बंद झालं. कायदा होता तसा कागदावर आहे, आणि चांगला आहे म्हणतात. प्रयोगशाळेची व्हॅन शेवटची येऊन गेली. सगळे पिंजरे रिकामे झाले, डचेसचाही. माझ्या मोटरसायकलचे भाग विल्फनं वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून मला दिले.

जायच्या सकाळी तो आमच्या दारात आला. गावानं त्याच्यासाठी निरोपाचं मोठं कार्ड आणलं होतं आणि ते द्यायचं काम आईकडं होतं. डेरिकची सही, रेगची सही, जे कधी त्याच्याशी दोन शब्द बोलले नाहीत त्यांच्याही. कुणी फूल काढलं होतं, कुणी जहाज. टिल्सनच्या कागदावर एकही नाव मिळालं नव्हतं; इथं नावांना जागा पुरत नव्हती. विल्फनं चष्मा लावून सगळं वाचलं.

"फार चांगली माणसं," तो म्हणाला. त्याला टोमणा मारता येत नसे.

आई दाराला धरून उभी होती. "विल्फ," ती म्हणाली, "तेव्हा ना, मी..."

विल्फ थांबला. त्यानं चष्मासुद्धा काढला नाही. रस्त्यावर त्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं, तरी तो घाई नसल्यासारखा उभा राहिला आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"तिकडं समुद्रावर वारं फार असतं," आई म्हणाली. "मफलर घेतलाय ना?"

"घेतलाय, ऑड्री," विल्फ म्हणाला, आणि कार्ड काखेत धरून पायऱ्या उतरला.