पेरूवालीची साक्ष

सत्तरच्या दशकात मी बार्शीत शाळामास्तर होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं सोलापूरला आई-वडिलांकडे जायचो. अशाच एका शनिवारी स्टँडवर चौघेजण एका माणसाला मारत होते.

त्यानं एका म्हातारीचं बोचकं उचललं होतं, हे खरंच होतं. पण बोचकं परत मिळालं, म्हातारी गाडीत जाऊन बसलीसुद्धा, तरी त्या चौघांचे हात थांबेनात. त्यातला एक माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप होता, भुसार बाजारातला हमाल. खाली पडलेल्याच्या कानातून रक्त येऊ लागलं. आम्ही तीस-चाळीस जण भोवती उभे होतो. हे थांबायला हवं असं मला वाटत होतं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी थांबवावं असंही.

तेवढ्यात पेरू विकणारी बाई गर्दीतून आत शिरली. पाटी खाली ठेवून ती मारणाऱ्यांच्या आडवी उभी राहिली. एक रट्टा तिच्याच खांद्यावर बसला, पण ती हलली नाही. तिची नजर माझ्याकडे गेली. मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक होतो.

"गुरुजी, नुसतं बगताय काय? हितं या की."

मी गेलो. त्यात धाडस नव्हतं, सगळ्यांदेखत हाक मारल्याची लाज होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो, मग एक कंडक्टर आला, मग कॉलेजची दोन पोरं. चौघे मागे सरले. जखमी माणसाला आम्ही टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला.

चोरीबद्दल त्याला शिक्षा झालीच, आणि मारणाऱ्यांवरही खटला उभा राहिला. साक्ष देणार का, असं फौजदारांनी विचारलं तेव्हा मी विचार करायला वेळ मागून घेतला. हेडमास्तरांचं म्हणणं, गावात राहायचंय, यात पडू नका. दुसऱ्या दिवशी पेरूवालीला विचारलं, तर तिनं जबाबावर कधीच अंगठा उठवला होता. त्याच संध्याकाळी मी चौकीवर गेलो.

कोर्टात आरोपींच्या वकिलांनी तिला विचारलं, मार खाणारा हा माणूस तुझा कोण? कुणी नाही, ती म्हणाली. मग मध्ये पडायला कुठल्या कायद्यानं सांगितलं होतं, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

"कायद्याचं मला काय ठावं न्हाय, सायेब. पर मी तितं हुते की. मला दिसत हुतं."

न्यायाधीशांनी ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून लिहून घेतलं. चौघांना काही महिन्यांची शिक्षा झाली.

हमाल आता मुलीला शाळेतून काढणार, असं मी धरून चाललो होतो. सुटल्यावर तो शाळेत आला, मुलीला घेऊनच. बराच वेळ तो दाराशी घुटमळला. दाखला मागेल म्हणून मी मनाची तयारी केली.

"गुरुजी, तवा कुनी आडवं आलं नसतं, तर माज्या हातनं मानूस मेला असता," तो म्हणाला. "त्या बाईनं त्याला वाचिवलं आन मलाबी."

मग त्यानं विचारलं, ती बाई राहते कुठं. मी गल्ली सांगितली. मुलीचा हात धरून तो तिकडे निघाला.