यमूआत्याच्या गोधडीतले पांढरे चौकोन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या यमूआत्याच्या गोधडीला कात्री लावण्यात आली.

वेळ मी मनाने सांगत नाही. कात्री धरलेला फोटो आमच्या पेठेतल्या मंडळानेच ग्रुपवर टाकला. खाली तीन फुलं आणि जोडलेले हात.

आज आत्याची पुण्यतिथी. दरवर्षी मी दोन ओळी लिहिते आणि गप्प बसते.
यंदा गप्प बसणार नाही.

यमूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शुक्रवार पेठेत आमचं गोधड्यांचं दुकान होतं. मी जन्मायच्या आधी, एकोणीसशे वीस-तीसच्या सुमाराला सुरू झालेलं, माझ्या लहानपणीही चालू असलेलं. पाटीवर नाव आजोबांचं, सुई आत्याची. आजोबांचं काम एकच, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायचं.

"गोधडी काय विकत शिवून घेतात?" असं कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणी मला विचारायच्या.

मिलमधल्या बायका घ्यायच्या. दिवसभर मिलमध्ये उभं राहून आल्यावर घरी टाके कोण घालणार? त्या आपली जुनी लुगडी गाठोड्यात बांधून आणायच्या. आत्या आणि आणखी चौघी जमिनीवर पसरून शिवायच्या.

गाठोडं सोडलं की आत्याचा पहिला प्रश्न, "ह्यातलं अंगाला कुठलं लागू दे?"

आईचं लुगडं नेहमी आतल्या बाजूला. सासूचं बाहेर.
"थंडी तिला लागू दे," आत्या म्हणायची, आणि दुकानभर हसू.

नरसव्वा तिचं गिऱ्हाईक. तेलुगू विणकरांच्या घरातली, मिलमध्ये कामाला. दोन मुलं जाऊन तिसऱ्यांदा दिवस भरत आलेले, ऐन थंडी, आणि तिची गोधडी अर्धीच झालेली. आत्याने स्वतःच्या अंथरुणावरची उचलून दिली.
"ने. तुझी झाली की परत आण."

दीड महिन्याने नरसव्वा आली. छातीशी मूल. गोधडी स्वच्छ धुतलेली, आणि कोपऱ्यात झबल्याचा नवा चौकोन शिवलेला.

"हे काय गं? माझी गोधडी फाटली नव्हती."
"न्हाय की अक्का. पोरगं जगलं, म्हून खूण ठिवली."

त्यानंतर ती गोधडी आत्याची राहिली नाही. ज्या गिऱ्हाइणीचे दिवस भरत, तिच्या घरी जायची. येताना एक चौकोन घेऊन यायची.

त्यावरून भांडणंही व्हायची. टांगेवाल्याची बायको हुसेनबी ऐकायलाच तयार नव्हती.
"मेरे छोरे कू कोने में नक्को डालो आपा, बीच में डालो."
"मधे जागा न्हाई. नवरा टांगा हाकतो न्हवं? त्याला सांग वाट काढायला!"
शेवटी छोरा मधेच बसला.

आणि काही वेळा गोधडी नुसतीच घडी होऊन परत यायची. आणणारी बाई मान वर करायची नाही.

आत्या गोधडी ठेवून घ्यायची. त्याच दुपारी पांढऱ्या मांजरपाटाचा चौकोन कापून स्वतः शिवायची. इतरांच्या शेजारी. इतरांएवढाच.

लहानपणी मी एकदा म्हटलं, "आत्या, हे रिकामे का ठेवलेस?"
"रिकामे कुठले? आला होता ना तो? मग त्याला जागा नको?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला नीडलवर्क शिकवायच्या. मी मोठ्या ऐटीत आत्याला माझा बारीक टाका दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला आणि सगळा उसवला.
"मेमसाहेब, हा टाका बघायला आहे. पांघरायला नाही."

आयुष्यात मला पुढे पुष्कळ शेरे मिळाले. इतका अचूक एकही नाही.

त्या गोधडीत मीही आहे. पिवळं झबलं, हिरवे ठिपके. माझ्या शेजारचा पांढरा चौकोन माझ्या थोरल्या भावाचा. तो चार दिवस होता. नाव ठेवायचं राहिलं. फोटो नाही. आई घरात त्याच्याबद्दल कधी बोलली नाही.
पण दुकानात आली, की आत्याशी गप्पा मारता मारता तिचा हात त्या चौकोनावर जाऊन बसायचा.

तो होता, याचा पुरावा तेवढाच.

आत्यामागे गोधडी माझ्या चुलतभावाच्या घरी राहिली; त्याच्या मुलाने ती प्रदर्शनासाठी मंडळाला दिली. मला न विचारता. त्याच्याशी मी घरी बोलेन, इथे नको.

मंडळाने ती कापली आणि त्याच संध्याकाळी प्रदर्शनाच्या पाहुण्यांना स्मृतिचिन्हं म्हणून फ्रेम करून दिली. माझं झबलं आता एका माजी पदाधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात आहे. गृहस्थ सज्जन असतील. पण मी त्यांच्या घरची नाही.

मी सचिवांना फोन केला.
"मॅडम, अहो आत्याबाईंचा सन्मानच केला की! एवढी मोठी गोधडी लावणार कुठं? फ्रेम केली की दिसते तरी."
"आणि पांढरे चौकोन?"
"ते प्लेन होते ना मॅडम. फ्रेममध्ये उठून दिसेनात. बाजूला काढले."
"बाजूला म्हणजे कुठे?"
"विचारून सांगतो."

आज गुरुवार. अजून विचारताहेत.

आत्या, तुझ्या फोटोला हार घातलाय. पण आज तुझ्या नजरेला नजर देत नाही.

सचिवसाहेब, ही पोस्ट तुम्ही वाचाल याची सोय मी केली आहे. सगळे तुकडे परत हवेत. जोडायचं काम माझं. हात थरथरतो, टाका बघायला वाईट येईल. पांघरायला चालेल.

फ्रेम गोळा करायला वेळ लागेल, हे मला समजतं. त्या नंतर द्या.

पांढरे आधी.

ते कुठे आहेत, हे मला लेखी हवं, तुमच्या सहीने. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत.