शाळेची कौलं

कौलांच्या चोरीची ती फिर्याद मी अजूनही विसरलेलो नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, दंगेही झाले. पण कोणी जुन्या आठवणी विचारल्या की पहिली ती शाळाच डोळ्यांपुढे येते. काळ पन्नासच्या दशकातला. कल्याण-ठाण्याच्या टापूत एका नगरपालिकेच्या गावी मी फौजदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. त्यांची मुलं-नातवंडं आज तिथेच नांदत आहेत.

सकाळची हजेरी आटोपून मी ठाण्यात बसलो होतो. खाडीकाठच्या वाडीतल्या शाळेचे मास्तर धापा टाकत आत आले. त्यांना दमा होता, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवायला हवं.

"साहेब, शाळेचं छप्पर चोरीला गेलं," ते म्हणाले.

आमच्या हवालदाराला हसू आवरेना. "अहो मास्तर, सगळं छप्पर? भिंती तरी ठेवल्यात ना?"

"कौलं गेली. वासे आहेत," मास्तर गंभीरपणे म्हणाले. मी हवालदारावर डोळे वटारले आणि फिर्याद लिहून घेतली.

पंचनाम्याला गेलो. शाळा म्हणजे एकच लांबट खोली. पहिली ते चौथीचे वर्ग चार कोपऱ्यांत बसायचे. छपराची खाडीकडची सबंध बाजू उघडी पडली होती. कौलं चोरणारे मी पाहिले होते. ते घाईत असतात, चार नेतात आणि आठ फोडतात. इथे जमिनीवर खापरीचा एक तुकडा नव्हता. आढ्यापासून खाली, ओळीने, पावसाळ्याआधी घर शाकारायला उतरवतात तशी कौलं उतरवली होती. भिंतीवरचा जगाचा नकाशा गुंडाळून छपराखालच्या कोपऱ्यात उभा केला होता. नकाशाला ऊन लागू नये म्हणून काळजी घेणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता.

उन्हातच वर्ग चालू होते. चौथीच्या कोपऱ्यात एक उंच मुलगी लहानग्यांत अवघडून बसली होती. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ही गेल्या वर्षीच चौथी पास झाली. इथे पाचवीला खोली नाही. पाचवीसाठी रेल्वेचे रूळ ओलांडून पार गावात जावं लागतं. मुलगे जातात, मुलींना कोण पाठवणार? घरी बसण्यापेक्षा पुन्हा चौथीत बसते. तिची आई तिला घरी बसवायला तयार नाही."

"मग खोली मागितली नाहीत?"

"दरवर्षी मागतो. फेरीत काही होत नाही."

ही फेरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. नगरपालिकेचं अंदाजपत्रक ठरण्याआधी शाळा समितीचे सभासद टांग्यांतून सगळ्या शाळा बघत हिंडायचे. कुठल्या शाळेला काय द्यायचं ते त्या दिवशी डोळ्यांना दिसेल त्यावर ठरायचं. जी शाळा जास्त केविलवाणी, तिला जास्त पैसा. त्यामुळे फेरीच्या दिवशी शहाणे हेडमास्तर चांगली बाकं शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवत आणि मुलांना पोत्यांवर बसवत. हे सगळ्यांना माहीत होतं, सभासदांनाही. आमचे मास्तर मात्र त्या दिवशी अंगण सारवून घेत, भिंतींना चुना काढत. सभासद येत, "वा, टापटीप आहे!" म्हणत आणि पुढच्या शाळेकडे निघत. मास्तरांच्या या स्वच्छतेची मला तेव्हा गंमत वाटली आणि चीडही आली.

यंदाची फेरी चोरीनंतर लगेचच झाली. उघडं छप्पर पाहून दया येण्याऐवजी शाळा समितीचे अध्यक्ष तापले. वकिली पेशाचे गृहस्थ, आवाज मोठा. ठाण्यात येऊन म्हणाले, "ज्या वस्तीला स्वतःच्या शाळेची कौलं राखता येत नाहीत तिच्यावर पालिकेने खर्च का करावा? इमारत धोक्याची आहे. येत्या सभेत ही शाळा बंद करून मुलं रुळापलीकडच्या शाळेत घालण्याचा ठराव मी आणतोय. आणि फौजदारसाहेब, तो मास्तर तपासा. पैसे मिळवायचं नाटक असेल त्याचं."

म्हणजे सभेआधी कौलं सापडली नाहीत तर शाळाच जाणार होती. पाचवी राहिली बाजूला, वाडीतल्या मुलींची पहिलीसुद्धा बुडाली असती. मी तपासाला जोर लावला.

पहिली खबर हवालदाराने आणली. वाडीतून बाहेर पडायला एकच गाडीवाट, आणि तिच्या तोंडाशी मिठाच्या गाड्या हाकणाऱ्याचं घर. तो शपथेवर सांगत होता की कौलं भरलेली एकही गाडी बाहेर गेली नाही. खाडीतून होडीने न्यावीत तर चिखलात उतारावर माणसांच्या खुणा हव्यात, त्याही नव्हत्या. कौलं वाडीतच होती, एवढं पक्कं झालं.

मास्तरांना जबाबासाठी बोलावलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, बाहेरचे चोर असतील. दुसऱ्या दिवशी न बोलावता आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "साहेब, कौलं मीच काढली. बाजारात विकली. मला अटक करा."

"कशी काढलीत?"

"शिडी लावून."

"बाजारात कशी नेलीत?"

"गाडीने."

गाडी गेलीच नव्हती. शिवाय ठाण्याच्या तीन पायऱ्या चढून आले तरी बोलायला त्यांना दम घ्यावा लागे. ते शिडीवरून अख्खी बाजू उतरवणार? खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते लगेच कळतं. तो फार थोडक्यात उत्तरं देतो आणि सारखा टेबलाकडे बघतो. आता प्रश्न एवढाच होता, की हा माणूस कुणाला पाठीशी घालतोय. मी त्यांना चहा मागवला, ठाण्यात बसवून ठेवलं आणि हवालदाराला म्हटलं, "मास्तरांना धरलंय, एवढंच वाडीत जाऊन सांग. जास्त काही बोलू नकोस."

तासाभरात वाडीतल्या बायका ठाण्याच्या दारात उभ्या. पुढे त्या उंच मुलीची आई. पदर खोचलेला, डोळ्यांत भीती आणि राग दोन्ही.

"मास्तरांना सोरा साहेब. त्यांचा काय संबंध नाय. कवला आमी उतरवली."

"कुठे आहेत?"

"हायत घरोघरी, पेंढ्याखाली. एक फुटला नाय."

"आणि का उतरवलीत?"

"दरसाल तुमची मानसा टांग्यान् येतान. मास्तर आंगन सारवतान. मानसा बोलतान, झकास शाला, न् चालले. पैसा मिलतो ज्यांची शाला परलेली त्यांना. मंग आमी बोललो, आपली पन पारू. पावसाला लांब हाय, पोरा भिजनार नाय."

"घरच्या पुरुषांना माहीत होतं?"

"बाप्ये मिठागरावर होते. त्यांना सांगितला असता त त्यांनी पयली बैठक घेतली असती."

मागे हवालदार खाकरला. मलाही हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरलं. सगळं ठरवलं होतं त्यांनी, फक्त मास्तरांना सांगायचं राहिलं, आणि मास्तर पडले सरळमार्गी. सकाळी छप्पर उघडं दिसताच ते थेट पोलिसांत आले. त्यांना खरं कळलं ते एका घरी पेंढा उपसताना पाहून, आणि मग त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. ते आता खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्या बाईने त्यांना चांगलंच झापलं, "तुमाला कोनी सांगितला होता खोटा बोलायला?"

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे माल वाडीतच होता आणि कुणाला त्यातून कवडीचा लाभ करून घ्यायचा नव्हता. मी सी समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झालेला. मॅजिस्ट्रेटनी तो मान्य केला. सभेच्या आधीच बायकांनी माझ्यासमोर कौलं पुन्हा चढवली. मग मी अध्यक्षांना घरी जाऊन भेटलो.

"हे प्रकरण पुन्हा उकरून काढलंत तर या बायका कोर्टात तुमच्या फेरीचीच हकिकत सांगतील," मी म्हणालो. "तुम्ही वकील आहात. तुम्हाला ते आवडेल का बघा."

शाळा बंद करण्याचा ठराव आला नाही. पाचवीच्या खोलीला मंजुरी मिळाली. कुठेही बोभाटा झाला नाही. मला तर स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि तसं मी घरी बोलूनही दाखवलं.

पुढे माझी ठाणे शहरात बदली झाली. मंजूर झालेली खोली कागदावर होती. टेंडर अडलं, मग निवडणूक आली, नव्या समितीने जागा पुन्हा पाहायची ठरवली. कुणालाच घाई नव्हती, कारण छप्पर शाबूत होतं आणि तक्रार कोणाची नव्हती. काही वर्षांनी खोलीचं उद्घाटन झालं, त्याला पाहुणे मोठे होते म्हणून बंदोबस्ताला मी गेलो. मास्तर भेटले, गहिवरले. त्या उंच मुलीची आई दारापाशी उभी होती. मी तिला ओळखलं आणि म्हणालो, "काय बाई, झाली ना खोली?"

"झाली," ती म्हणाली. "साहेब, तवा तुमी आमाला सोरलात, तुमचा उपकार. पन आत टाकला असता त बरा झाला असता. सगलीकरं बोंब झाली असती, न् खोली त्याच साली बांधली असती. माझी पोर बसली असती हितं. आता ती सासरी हाय. दोन पोरा झाली तिला."

मला फार वाईट वाटलं. कायद्याने मी वागलो ते बरोबर होतं. आज ते प्रकरण आलं तरी मी कुणालाही आत टाकणार नाही. पण प्रकरण मिटलं असं आम्ही म्हणतो तेव्हा ते कोणाचं मिटलं, हे त्या दिवसापासून मी पाहायला लागलो. माझं मिटलं होतं, अध्यक्षांचं मिटलं होतं. त्या मुलीचं कुणीच पाहिलं नव्हतं.