गच्चीवर वाढलेली रस्त्याची झाडं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं, तेवढं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

नव्वदनंतर कधीतरी काशीबाहेरून मोठा रस्ता काढायचं ठरलं. त्यात तुटतील त्याहून जास्त झाडं लावायची होती, म्हणून रस्त्याच्या ऑफिसातले साहेब घरोघरी रोपं वाढवायचं काम देत होते. हातभर वाढलेल्या रोपाचे पैसे मिळणार होते. माझे यजमान त्या ऑफिसात कारकून. त्यांनी मला न विचारता माझं नाव सांगितलं.

दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीत सायकलही जेमतेम शिरते. मी चहावाल्याकडची रिकामी मातीची कुल्हडं गच्चीवर मांडून त्यांत कडुनिंब आणि जांभूळ पेरलं. साहेब बघायला आले.

"वहिनी, ही रोपं रस्त्यासाठी की चहासाठी? मुळांना जागा कुठाय?"

मी दाराआड गेले. मग शेजारच्या काकूंकडून पैसे उसने घेऊन पिशव्या आणि माती आणली.

"अगं, ही बंदरं एकही रोप ठेवायची नाहीत. माझे पैसे गंगेत जाणार," काकू कठड्यावरच्या माकडांकडे बघत म्हणाल्या.

म्हणून सासूबाईंची जुनी नऊवारी लुगडी रोपांवर ताणून बांधली. दुपारी त्यांतून हिरवाजांभळा उजेड पडायचा. तिथे डोळे मिटून बसलं की गच्चीचाच रस्ता व्हायचा. दोन्हीकडे सावली, आणि मी कधी न पाहिलेल्या गावांकडे एकटीच चाललेली. माकडं कठड्यावर बसून नुसती बघायची. लुगड्यांना का भ्यायची, कोण जाणे.

पुढच्या आषाढात रोपं घाटावर उतरवली, नावेतून पुढे गेली. साहेबांनी एकेक पारखून घेतलं. पैसे हाती आले त्याच संध्याकाळी मी काकूंचे सगळे फेडले.