सेनेनच्या पिंपातली सिद्रा

लग्न झाल्यापासून एलोइना सफरचंदं वेचत आली होती, पण घाण्याच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा टाकू द्यायचा नाही. बाई आत आली की सिद्रा बिघडते, असं सेनेनचं म्हणणं होतं. त्याचंच नाही, आमच्या डोंगरातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं. बायकांनी ओल्या गवतात गुडघे टेकून सफरचंदं वेचायची, गोण्या भरायच्या, दारापर्यंत ओढत आणायच्या. त्यांची सिद्रा, म्हणजे सफरचंदांची दारू, करायचं काम पुरुषांचं. वसंतात पिंप उघडलं की बटाट्याचं ऑम्लेट, उकडलेली अंडी, सिद्रेत शिजवलेली सॉसेजं पुन्हा बायकांनी करायची आणि उंबऱ्यावरून आत द्यायची.

सेनेन उन्हाळ्याच्या शेवटी गेला. त्या वर्षी झाडं अशी लगडली होती की फांद्यांना टेकू द्यावे लागले होते.

मी तेव्हा ओव्हिएदो शहरातून साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो होतो. काम मिळत नव्हतं. एलोइना आमची शेजारीण. वयाने माझ्या आईपेक्षा मोठी, पण आमची मैत्री होती. ती मला जेवायला बोलवायची आणि वाढता वाढता विचारायची, एवढी पुस्तकं वाचलीस, गळका नळ दुरुस्त करता येतो का. येत नव्हता.

सेनेनचा धाकटा भाऊ बेलार्मिनो गावातला बार चालवतो. कुणाची सिद्रा चांगली आणि कुणाची वाईट, हे आमच्याकडे तो ठरवतो. त्याला कुणी नेमलेलं नाही. पण त्याने मान हलवली की बाकीच्यांच्या हलतात. मातीला आलेली माणसं पांगायच्या आत त्याने एलोइनाला सांगितलं, या वर्षीची सफरचंदं मी नेतो, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, काळजी कसली, सिद्रा मी करणार आहे. बाई दुःखात आहे असं त्याला वाटलं असावं.

ती दुःखात नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तिला हवं होतं ते वेगळंच. एकदा तरी गावाने पेला तोंडाला लावावा आणि म्हणावं, ही एलोइनाची. एवढंच. हे तिने मला सफरचंदं धुताना सांगितलं, आणि लगेच म्हणाली की बाहेर बोललास तर जेवण बंद.

तिने ते काम कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. भिंतीपलीकडून आलेल्या आवाजांवरून तिने सगळं रचत नेलं. आधी चुरा करायच्या चरकाची घरघर. मग फावड्याचा आवाज. मग घाण्याच्या स्क्रूची करकर, आणि मग बराच वेळ काहीच नाही. हे काहीच नाही म्हणजे काय, ते तिला कळेना. पहिल्या दिवशी तिने घाईत स्क्रू आवळत नेला आणि चोथा फळ्यांच्या फटींतून बाहेर आला. आम्ही दोघं तो हातांनी गोळा करत बसलो. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती शांतता म्हणजे वाट बघणं. थोडं आवळायचं, सोडून द्यायचं. रस गळायचा थांबला की चोथ्याच्या कडा फावड्याने कापून मध्ये रचायच्या आणि पुन्हा आवळायचं. असं कित्येक दिवस.

पिंप तर ती साबणाने घासणार होती. फेसाची बादली हातात होती. मग थांबली. सेनेन पिंप धुऊन यायचा तेव्हा त्याचा सदरा तीच धुवायची. त्या सदऱ्याला साबणाचा वास कधी आला नव्हता. गंधकाचा यायचा. तिने बादली ओतून दिली आणि फडताळातल्या गंधकाच्या वाती शोधून पिंपात जाळल्या.

पिंप चेस्टनटच्या लाकडाचं होतं, सेनेनच्या बापाच्या वेळचं. त्यांच्या बागेत भरघोस वर्षी जेवढा रस निघतो बरोबर तेवढ्या मापाचं. रस तोंडापर्यंत आला. काही दिवसांनी रस आंबायला लागला, आत रटरट सुरू झाली. एलोइना येता जाता पिंपाला कान लावायची. थंडीभर तिने त्याला हात लावला नाही. वसंतात चंद्र उतरणीला लागला, म्हणजे पिंप उघडायची वेळ झाली, तेव्हा गाव बोलावलं.

ऑम्लेट वगैरे तिनेच केलं. ते ठेवायला ती आत आली आणि आतच थांबली. काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

बेलार्मिनोने पिंपाला बारीक भोक पाडलं. धार लांबून पेल्याच्या काठावर पडली. त्याने पेला उजेडाकडे धरला, फेस विरताना पाहिला, एका दमात प्यायला, तळाशी ठेवलेला घोट पेल्याची कड धुवायला जमिनीवर टाकला आणि पेला पुढच्याला दिला. आमच्याकडे पेला एकच असतो. तो सगळ्यांमधून फिरला. मीही प्यालो. इतकी चांगली सिद्रा मी आधी प्यालो नव्हतो.

बेलार्मिनोने टोपी काढली.

“हा सेनेन आहे,” तो म्हणाला.

बाकीच्यांनीही टोप्या काढल्या. कुणीतरी म्हणालं, पिंपाला सगळं पाठ असतं. दुसरा म्हणाला, माणूस जातो, हात राहतो. पेला पुन्हा फिरला, आता सेनेनच्या नावाने. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ही मी केलीय,” एलोइना म्हणाली.

“तू केलीस गं, कोण नाही म्हणतंय?” बेलार्मिनो म्हणाला. “पण पिंप कुणाचं?”

तो दुष्टपणाने बोलला नव्हता. त्याला ती भावाची आठवण वाटत होती, आणि ती आपण तिला देतोय असंही वाटत होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती ऑम्लेटचे तुकडे करत राहिली. नंतर उन्हाळाभर बारमध्ये लोक तिला सांगायचे, सेनेन काय सिद्रा ठेवून गेला. ती हो म्हणायची.

ऑक्टोबरात मी एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. चुलीशेजारी लाकडं रचली होती. रुंद, वाकलेल्या फळ्या. मी एक उचलली. तिला आंबूस वास होता. मग पिंपाभोवतीची लोखंडी कडी दिसली, भिंतीला टेकवून ठेवलेली.

मी खुर्चीवर बसलो.

“हे काय केलंस?”

“ओलं आहे,” ती म्हणाली. “नीट जळत नाही.”

तिने कुऱ्हाडीने पिंप फोडलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि तिने मला चुलीवरचं भांडं खाली उतरवायला सांगितलं.

तालुक्याच्या दुकानातून तिने स्टीलची टाकी आणली. दुकानदाराकडे होती ती पिंपाहून बरीच मोठी होती. आणि त्या वर्षी झाडांवर फारसं काही नव्हतं. आमच्याकडची झाडं एक वर्ष देतात आणि एक वर्ष विश्रांती घेतात, हे इथे पोरालाही माहीत असतं. रिकाम्या वर्षी शहाणा माणूस घाणा धुऊन ठेवतो, नाहीतर फळ विकत घेतो. एलोइनाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वेचायची तीच ना. पण तिला पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नव्हतं.

मी म्हणालो, कोलुंगा गावाहून सफरचंदांच्या गोण्या आणू. ती म्हणाली, मग लोक म्हणतील, सफरचंदं होती कोलुंगाची.

रस निघाला तो टाकीच्या निम्म्यालाही आला नाही. बेलार्मिनो एकदा आला. पिंपाबद्दल त्याला कळलं होतं. त्याने तो विषय काढला नाही. त्याने टाकीवर बोटांनी वाजवलं.

“पोकळ वाजतेय. वर एवढी हवा राहिली तर व्हिनेगर होईल. माझ्याकडे रस आहे, घेऊन येतो. भरून टाकू.”

“नको.”

“फुकट देतोय.”

“म्हणूनच नको,” ती म्हणाली. “मग ती बेलार्मिनोची होईल.”

तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, तू शिकलेला आहेस, तू समजाव. मी आत जाऊन समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवणार आहेस का.

जानेवारीत टाकीत पांढरी साय धरली. एलोइनाने झाकण उचलून वास घेतला, झाकण ठेवलं. सिद्रा बिघडली हे तिला तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, आता कुणाला बोलावणार नाही, टाकी गुपचूप ओढ्यात रिकामी करेल. वसंतात चंद्र उतरणीला लागला तसा तिने गावाला निरोप धाडला.

माणसं आली. गेल्या वर्षीइतकी नाही. बेलार्मिनोने धार धरली, प्यायला, आणि त्याचा चेहरा आवळला. त्याने पेला पुढे दिला नाही. हातातच धरून ठेवला. बाकीचे त्याच्याकडे बघत होते. त्याला खोटं बोलता आलं असतं. कदाचित तो एखादं खोटंच शोधत होता.

“ही मात्र तुझी,” तो अखेर म्हणाला.

“हो,” एलोइना म्हणाली. “माझी.”

तिने त्याच्या हातातून पेला घेतला, भरला आणि सगळ्यांसमोर प्यायली. डोळ्यांत पाणी येईल इतकी आंबट होती. मी नंतर प्यालो म्हणून मला माहीत आहे. माणसांनी ऑम्लेट खाल्लं, हवेबद्दल बोलली आणि लवकर गेली.

आता बारमध्ये बाहेरगावची एखादी बाटली बिघडलेली निघाली की पहिला घोट घेणारा तोंड वाकडं करून म्हणतो, एलोइनाची दिसते. सगळे हसतात. तिची पहिली सिद्रा अजूनही सेनेनचीच आहे. त्या वर्षीची गोष्ट निघाली की अजून टोप्या निघतात.

हे मी तिला सांगणार नव्हतो. पण तिने विचारलं, बारमध्ये माझ्याबद्दल काय बोलतात, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. ती बटाटे सोलत होती. मी सांगितलं. वाटलं चिडेल, किंवा रडेल.

तिने सुरी थांबवली.

“काय म्हणतात? नीट सांग.”

“एलोइनाची,” मी म्हणालो.

“कुणीकुणी म्हणालं?”

मी नावं सांगितली. तिने प्रत्येक नावाला मान हलवली आणि पुढचा बटाटा घेतला.