आधी राजा, मग बाकीचे

संतराम सर गणित शिकवतात हे बाळापूरच्या आसपास फार थोड्यांना माहीत आहे. ते प्रसिद्ध आहेत माइकसाठी. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कुणाचा सत्कार आधी, कुणाला शाल आणि कुणाला नुसतं गुलाबाचं फूल, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. माजी सभापती आणि आजी उपसभापती एकाच वेळी दारात उतरले तर आम्ही घामाघूम होतो. सर फक्त चष्मा पुसतात.

या माणसाने लॉकडाऊनमध्ये संगणकावर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला. चांगला लिहिला, उगाच खोटं का बोला. असा प्रोग्राम एकेक शक्य चाल तपासत बसतो. दमदार चाल लवकर हाती लागली, तर पुढच्या कितीतरी चाली खोलात न जाता सोडून देता येतात. म्हणून कोणती चाल आधी तपासायची, यावरच सगळा वेळ ठरतो. सरांनी क्रम लावला मानाप्रमाणे. आधी राजा, मग वजीर, हत्ती, उंट, घोडा, आणि सगळ्यात शेवटी प्यादी.

तासिकेवर नव्याने आलेल्या आकांक्षा मॅडमनी तो क्रम पाहिला आणि हसू दाबलं.

"सर, मारामारीच्या चाली आधी बघा. त्यातही प्यादं वजिराला मारत असेल, तर ती सगळ्यात आधी."

"काहून? राजा बसून राहिला अन् प्यादं आधी? काही रीत हाय का न्हाई, म्याडम?"

त्यावरून पैज लागली. प्रोग्राम एकच, मॅडमच्या प्रतीत फक्त क्रम बदललेला. अख्ख्या डावाला दोघांनाही दहा-दहा मिनिटं. मॅडम हरल्या तर वर्षभर सरांच्या सत्काराच्या याद्या टाइप करणार. सर हरले तर माइक मॅडमचा. सर हसले खरे, पण त्या माइकमध्ये त्यांचा जीव होता.

डाव शिक्षक कक्षात झाला. सतराव्या चालीला मॅडमच्या वजिराने सरांचा वजीर मारला. आता शेजारच्या प्याद्याने तो वजीर उचलायचा, चौथीतल्या लेकरालाही दिसत होतं. सरांचा प्रोग्राम मात्र राजाने डावीकडे सरकावं की उजवीकडे, याच विचारात.

"अरे घे ना तो वजीर!" सर स्क्रीनवर ओरडले. "प्यादं हाय ना तिथं!"

"त्याचा नंबर यायचाय, सर," मॅडम म्हणाल्या.

सरांची दहा मिनिटं तिथेच संपली, आणि वेळ संपला म्हणजे डाव हरला.

यंदाच्या संमेलनात माइक मॅडमच्या हातात होता. मंचावर आम्ही मानाप्रमाणेच बसलो होतो. मी तिसऱ्या खुर्चीत, शालीची वाट बघत. मॅडमनी पहिलं नाव पुकारलं ते मोतीबाईंचं. मोतीबाई रोज दीडशे लेकरांची खिचडी शिजवतात. बावीस वर्षांत माइकवरून त्यांचं नाव एकदाच निघालं होतं, खिचडी करपली तेव्हा.

मंडपामागे भांडी घासत असलेल्या मोतीबाई राखेच्या हातांनीच धावत आल्या आणि थेट संतराम सरांपुढे उभ्या राहिल्या.

"काय चुकलं जी माझं? आज बी करपली व्हय?"

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसतच राहिले. मला लाज वाटली. खुर्चीवरून मात्र मी उठलो नाही.