पुसलेले ठसे

सेमाडोहच्या विश्रामगृहाचा चौकीदार वाघाला कधी वाघ म्हणत नसे, ‘पाटील’ म्हणे. अमरावतीहून मी दर हिवाळ्यात तिथे जायचो. फिरायला नेताना वाटेत वाघिणीचे नि पिलांचे ठसे दिसले, की तो ते अनवाणी पायानं पुसून टाकी.

"पाटलीन लेकुरवाळी हाये, बाबूजी. शिकाऱ्याले सांगू नका."

त्या वर्षी शिकारीला आलेल्या माझ्या साहेबांपुढे मिरवायला ती पिलांसह राहायची तो नाला मी दाखवला. साहेबांच्या गोळीनं वाघीण पडली. गावानं दोष चौकीदारालाच दिला. त्याच्या हातचं पाणीही कोणी घेईना. त्याला खरं ठाऊक होतं.

"माझं नाव काहून नाही सांगत?" निघताना मी विचारलं.

"तुमी पावने आहा," म्हणत त्यानं माझी वळकटी जीपमध्ये ठेवली.

मी बसलो आणि निघून आलो. नाला मी दाखवला होता.